सुकाणूचे आठ बोल्ट

दाजी,

परवा गौरीनं विचारलं, शेडच्या मागचं निळं पिंप आता काढायचं का, वास मारतंय. वास तर ते कित्येक वर्षं मारतंय. तुम्ही होता तोवर त्याबद्दल बोलायची कुणाची टाप नव्हती, एवढंच. मी म्हणालो, राहू दे अजून महिनाभर. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. मामा हळवा झालाय असं तिला वाटलं असणार. हळवा झालोय हे खरंच आहे. पण मला तुमच्याशी एका गोष्टीवर बोलायचं होतं, आणि ती गोष्ट त्या पिंपापासूनच सुरू होते.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. माणसं अजून येतात. अक्कासमोर बसतात, अर्धा कप चहा घेतात, माणूस लई सरळ होता म्हणतात. अक्का मान हलवते. मग कुणीतरी माझ्याकडं वळून म्हणतं की श्रीकांत तर त्यांचा उजवा हात, डोकं याचं आणि हात त्यांचे, म्हणून तर कारखाना चालला. हे वाक्य ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. गेल्या आठवड्यात दोनदा चपला घालून उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. बायकोच्या धाकट्या भावाचं इतकं कौतुक तुमच्याच दारात व्हावं, आणि तेही तुम्ही नसताना, हे मला सहन होत नाही.

डोकं कुणाचं होतं ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. होटगीच्या रेल्वे चाळीत वाढलेला, नववीत शाळा सोडलेला माणूस ग्राइंडरवर धातू टेकवून ठिणगीचा रंग बघायचा आणि सांगायचा की यात काय आहे. मी मोहोळहून डिप्लोमा करून तुमच्याकडं आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढं पाच तुकडे टाकलेत आणि म्हणालात, ओळख. मी दोन ओळखले. तुम्ही पाचही ओळखलेत, शिवाय त्यातला एक कुठल्या मोटारीच्या व्हॉल्व्हचा आहे तेही सांगितलंत. तरी त्या दिवसापासून बाहेरच्या माणसांना माझी ओळख करून देताना तुम्ही म्हणायचात, हे आमचे साहेब, धातूतलं शिकलेले. मला ते लई आवडायचं. आज कबूल करतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आपण मागाचे सुटे भाग करत होतो. चहूकडं टॉवेल आणि चादरी, धोट्यांचा खडखडाट, आणि मधे आपली एक लेथची शेड. समुद्राचा आणि आपला संबंध काय? तुम्ही तोवर समुद्र पाहिलेलाही नव्हता. कोकणातले एक होड्या बांधणारे मेस्त्री अक्कलकोटला दर्शनाला आले, परतताना त्यांच्या जीपचा पाण्याचा पंप आपल्या फाटकासमोर बसला, आणि तुम्ही दुपारपर्यंत त्यांना नवा दांडा करून दिलात. मेस्त्री दांडा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, होडीसाठी असं काही कराल का? तुम्ही हो म्हणालात. मी तुमच्या मागं उभा राहून मान नाही अशी हलवत होतो. तुम्ही मागं बघितलंच नाही.

मग ते पिंप आलं. समुद्रात काय टिकतं ते आपण सोलापुरात बसून बघायचं, हा तुमचा हट्ट. आधी अक्काच्या डब्यातलं मीठ गेलं. "घरात आमटी अळणी, आन् तिकडं लोखंडाला मीठ," असं ती महिनाभर ऐकवत होती. मग तुम्हाला वाटलं की घरच्या मिठाचं पाणी हे समुद्राचं पाणी नव्हे. तुम्ही मेस्त्रींना सांगून कॅन भरून खरं पाणी मागवलंत. पार्सलवाल्यानं विचारलं, तेल आहे का. तुम्ही म्हणालात, समुद्र आहे. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

पिंपावर आडवी काठी, काठीला नायलॉनचा दोरा, दोऱ्याला नंबर ठोकलेला तुकडा. साधं लोखंड, पितळ, दोन तऱ्हेचं स्टेनलेस, अॅल्युमिनियम ब्राँझ. रोज सकाळी शेड उघडली की आधी तुम्ही मागं जायचात. लोखंड आठवड्यात फुगलं. पितळ आधी बरं वाटलं, नंतर लालसर आणि ठिसूळ झालं. त्यातलं जस्त पाण्यानं ओढून नेलं होतं. हलक्या प्रतीच्या स्टेनलेसवर तपकिरी ठिपके आले. उरले दोन. तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस, आणि ब्राँझ. स्टेनलेस पहिल्या दिवशी जसं होतं तसंच लखलखीत. ब्राँझ हिरवं पडलं.

त्याच सुमाराला मेस्त्रींची मोठी ऑर्डर आली. लाकडी होडी, आणि तिचं सुकाणू धरून ठेवणारे आठ बोल्ट, पाण्याखालचे. ते गेले तर सुकाणू गेलं, आणि सुकाणू गेलं तर होडीवरच्या माणसांचं काय होईल ते त्यांनी सांगायची गरज नव्हती.

दाजी, तो दिवस मला शब्दान् शब्द आठवतो. मी दोन्ही तुकडे तुमच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, आता यात विचार करण्यासारखं काय आहे? एक चमकतंय, एक हिरवं पडलंय. तुम्ही कानशीनं ब्राँझचा कोपरा घासलात. हिरवा थर कागदाएवढा होता, खाली सोनेरी धातू जसाच्या तसा. तुम्ही तो मला दाखवलात आणि म्हणालात, ब्राँझच घालू. मी पुस्तक उघडून कुठला धातू किती गंजतो त्याचा तक्ता तुम्हाला दाखवला. मग तुम्ही मला हाताला धरून मागं पिंपापाशी नेलंत.

"हितं बोल्ट उघडा लोंबतोय, श्रीकांता. तितं त्यो लाकडात बसनार. लाकडात काय व्हतंय ते ह्या पिंपाला कसं कळनार?"

मी हसलो. समुद्र तो समुद्रच, असं काहीतरी म्हणालो. वर हेही म्हणालो की दाजी, हे ठिणगी बघून कळणाऱ्यातलं नाही. हे म्हणताना शेजारी आपली माणसं उभी होती.

"तू शिकलायस," तुम्ही म्हणालात. "तू म्हनतोस तर तसं."

आठही बोल्ट स्टेनलेसचे गेले. मी स्वतः पॉलिश करून घेतले. पुढच्या तीन होड्यांचेही तसेच गेले.

आता मला ते सगळं पाठ आहे. आता मी ते गौरीला शिकवतो. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावर हवेनं एक अतिशय पातळ साय धरते म्हणून. साय खरवडली तरी पुन्हा धरते, पण त्यासाठी हवा लागते. वाहत्या, उघड्या पाण्यात ती मिळते. ओल्या लाकडाच्या भोकात, फटी बुजवायच्या लांबीखाली, पाणी अडकून बसतं, त्यातली हवा संपते, आणि मीठ मात्र तिथंच राहतं. साय फाटली की पुन्हा धरत नाही. बाहेरून डोकं लखलखीत, आत दांड्याला बिळं. ब्राँझला असल्या हवेची तितकी गरज नसते. हिरवं पडतं आणि टिकतं. तुम्हाला यातला एक शब्दही माहीत नव्हता, तरी नेमका हाच प्रश्न तुम्ही विचारला होतात. मी उत्तर द्यायच्या ऐवजी हसलो होतो.

दोन पावसाळे गेल्यावर मेस्त्रींचा फोन आला. तुम्ही स्पीकर लावलात, कारण तुमचा उजवा कान अधू. बोल्ट तुटले होते. सुकाणू एका बाजूनं सुटून लोंबकळत होतं आणि चार माणसं होडीसकट दिवसभर समुद्रात वाहत होती. संध्याकाळी दुसऱ्या होडीनं ओढून आणली. माणसं वाचली. मेस्त्री ओरडत होते. कुणी निवडला हा धातू, असं तीन वेळा विचारलं त्यांनी.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नव्हे. बघितलंत आणि थांबलात. मला बोलायला जागा करून दिलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी खाली वाकून टेबलाखाली पडलेला मापाचा व्हर्नियर उचलायला लागलो. तो पडलेला होता हे खरं, पण तो सकाळपासून पडलेला होता.

तुम्ही म्हणालात, "माझीच चूक झाली, मेस्त्री. पोरांना कायबी बोलू नका."

पस्तिशीचा होतो मी, दाजी. पोर नव्हतो.

मग आपण दोघं कोकणात गेलो. समुद्र पहिल्यांदा बघायला मिळाला तुम्हाला, आणि तो असा. मेस्त्रींनी चहा विचारला नाही. वाळूवर ओढलेल्या होडीमागं तुम्ही उन्हात पोतं टाकून बसलात आणि एकेक बोल्ट स्वतः काढलात. गावातली माणसं गोळा झाली होती. मेस्त्री त्यांच्यासमोर बोलत होते. चादरी विणणाऱ्या गावानं चादरीच विणाव्यात म्हणाले. माणसं मारायला निघालेला म्हातारा म्हणाले. याहून वाईटही एक शब्द वापरला, तो मी इथं लिहीत नाही. मी तुमच्या शेजारी पाना धरून उभा होतो. तुम्ही मान वर केली नाहीत. निघालेला बोल्ट कुजलेल्या दातासारखा झाला होता. तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, बघून ठेव. बस्स, तेवढंच.

येताना आपण मोटारीत शेजारी बसलो होतो. मी म्हणालो, दाजी, मी मेस्त्रींना सांगतो. तुम्ही म्हणालात, झोप जरा, पुढं घाट हाय. आणि मी झोपलो. खरंच झोप लागली मला. याची लाज त्या व्हर्नियरपेक्षा जास्त वाटते.

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही हत्यारांच्या पूजेत तो तुटका बोल्ट मांडलात. लेथला झेंडू, कानशींना झेंडू, आणि पाटाच्या कडेला तो बोल्ट, हळदकुंकू लावून. आपली माणसं हसली. तुम्ही म्हणालात, यानं बी शिकवलंय, मग याला का न्हाय? त्यानंतर दर वर्षी तो तिथं होता. आरतीच्या वेळी मी दर वर्षी तुमच्याकडं बघायचो, आणि तुम्ही एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीत. मला आधी वाटायचं तुम्ही टोचताय. फार उशिरा कळलं की तुम्हाला टोचायचं असतं तर बघितलं असतंत.

पुढं झालं ते आणखी वाईट. सगळे बोल्ट ब्राँझचे करून दिल्यावर वर्षभरानं मेस्त्रींचा राग उतरला. पण त्यांनी एक पक्कं धरलं. धातूचं काही विचारायचं असेल तर म्हणायचे, तुमच्या मेव्हण्याकडं द्या फोन, ते शिकलेले आहेत. तुम्ही निमूटपणे फोन माझ्या हातात द्यायचात. मी रुबाबात सांगायचो, ब्राँझ घ्या. तुमचं वाक्य, तुमच्यासमोर, माझ्या नावावर. तुम्ही शेजारी बसून तंबाखू मळत असायचात. एकदा फोन ठेवल्यावर म्हणालात, आता नीट सांगाय लागलास की. त्यात टोमणा होता का, हे मी इतकी वर्षं शोधतोय.

भांडणं मात्र आपली चालूच राहिली, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. लाकडी होडीच्या प्रत्येक बोल्टाला तार जोडून ती जस्ताच्या गोळ्याला न्यावी, म्हणजे खायचं ते समुद्र जस्ताला खाईल, हे तुमचं म्हणणं. जस्त जास्त झालं तर बोल्टाभोवतीचं लाकूडच मऊ पडतं, हे माझं. "जस्त लाकूड कसं खाईल रं? वाळवी हाय का ते?" असं म्हणून तुम्ही सगळ्या शेडला माझ्यावर हसवलंत. हे भांडण दिवाळीआधी अर्धवट राहिलं. यात मी बरोबर आहे, दाजी. एवढ्या एका बाबतीत तरी मला बरोबर राहू द्या.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात दुपारी मी असायचो, अक्का घरी जेवायला जायची तेव्हा. तुम्ही डोळे मिटून पडलेले. एका दुपारी डोळे न उघडताच विचारलंत, "काय बोलायचं हाय का तुला?" दुसऱ्यांदा जागा करून दिलीत मला. मी म्हणालो, काही नाही, तुम्ही पडा. आणि तुम्हाला मोसंबीचा रस पाजला. तुमच्या हनुवटीवर सांडलेला रस पुसला. तुम्ही म्हणालात, थंड हाय रस. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

मी हे असंच पोटात घेऊन बसलो असतो. मला माझी चांगली ओळख आहे. पण परवा, पिंपाचं विचारून गौरी आत गेली आणि थोड्या वेळानं तुमची वही घेऊन बाहेर आली. मेस्त्रींनी नव्या होडीचं काम दिलंय, त्यासाठी ती जुन्या नोंदी बघत होती. तुमचं ते किरटं अक्षर. तिनं पान माझ्यापुढं धरलं. *सुकाणूचे बोल्ट, तीनशे सोळा. धातू मी निवडला. चूक माझी.*

फोनवर बोललात ते रागावलेल्या गिऱ्हाईकाला शांत करायला, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. पण वहीत कशाला लिहिलंत? वही कोण बघणार होतं? मग लक्षात आलं. ही बघणार होती. ती तेव्हा आठवी-नववीत होती, आणि मी तिचा मामा होतो. तिचा गणिताचा अभ्यास घ्यायचो.

गौरी म्हणाली, "मामा, रागावू नका, पण बाबांचा हात चांगला होता. धातू निवडणं त्यांचं काम नव्हतं. हो ना? इथून पुढं हे सगळं तुम्हीच ठरवत जा. मी मेस्त्रींनाही तसंच सांगते."

ती हे प्रेमानं म्हणत होती. माझं ओझं वाढवतेय म्हणून थोडी ओशाळलीही होती. तुमची मुलगी, इंजिनियर झालेली, तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहून तुम्हाला धातूतलं कळत नव्हतं असं म्हणत होती, आणि तिला तसं वाटावं याची सोय तुम्ही स्वतःच्या हातानं करून ठेवली होतीत. माझ्यासाठी.

मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. पिंपापाशी तुम्ही विचारलेला प्रश्न, माझं हसणं, ते टेबलाखाली वाकणं, घाटातली झोप, मोसंबीचा रस. ती रडली नाही. तुमच्यासारखंच तिचं, खाली बघून ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, बाबा होते तेव्हा का नाही सांगितलंत? मी म्हणालो, भीती वाटली. तिनं विचारलं, बाबांची? मी म्हणालो, नाही, साहेब म्हणायचं बंद करतील याची.

तिनं पेन घेतलं, वहीतल्या त्या ओळीखाली तारीख टाकली आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी लिहिलं की धातू श्रीकांतनं निवडला, दाजींनी ब्राँझ सांगितलं होतं. सही केली. मला वाटलं, झालं. पण तिनं मोबाइल काढला, मेस्त्रींचा नंबर लावला, स्पीकर लावून मधे टेबलावर ठेवला आणि हात बांधून बसली.

मेस्त्रींनी आधी तुमच्या घरच्यांची विचारपूस केली, अक्काची, गौरीची. दिवसकार्याला येता आलं नाही म्हणून वाईट वाटतंय म्हणाले. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. फार लांबवलं नाही. बोल्ट मी निवडले होते, दाजी नको म्हणत होते, आणि मेस्त्री, तुम्ही त्या दिवशी वाळूवर जे बोललात ते माझ्या वाटणीचं होतं.

पलीकडं कुणीतरी लाकडावर रंधा मारत होतं. मेस्त्रींनी त्याला थांबायला सांगितलं असावं, कारण तो आवाज बंद झाला. मला वाटलं आता ते ओरडतील. मी त्याची वाट बघत होतो, मला ते हवंच होतं. म्हातारे झालेत मेस्त्री, आवाज बारीक झालाय.

"मी तेंका सगळ्यांसमोर नको नको ता बोललंय," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"आता मी माफी कोणाची मागू?"

गौरीनं हात सोडले आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. मेस्त्रींनी फोन ठेवला नाही, मीही बंद केला नाही. दोघं नुसते वाट बघत बसलो होतो, दाजी, कारण अशा वेळी तुम्ही फोन हातात घ्यायचात आणि म्हणायचात, जाऊ द्या हो मेस्त्री, झालं ते झालं.